सैनिकी महाविद्यालयातील विद्यार्थिजीवन : तीन प्रश्न

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने कीर्तने ऐकली, नाटके बसविली, गणपतीच्या आरत्या म्हटल्या आणि कडाक्याच्या थंडीत संक्रांतीचा तिळगूळही वाटला. या साऱ्यात आम्हां लष्करी मंडळींचा वाटा प्रायः सतरंज्या घालण्याचा आणि खुर्च्या मांडण्याचा. यंदा कार्यकारिणीने आम्हांला बोलण्याची आज्ञा केली आहे. सैनिकी शाळेतून आणि प्रबोधिनीतून शिकलेले आम्ही चार सभासद आहोत. चौघांनी बसून टिपणे काढली, बोलायला मात्र एकजण उभा आहे. तेव्हा भाषणभर ‘आम्ही’ हा शब्द येईल तो थाटासाठी नव्हे. आम्ही जिथे वाढलो तिथे चूक एकाची होई आणि शिक्षा साऱ्या तुकडीला मिळे. ‘मी’ म्हणण्याची सवय तिथे सुटली ती कायमची.

विषय आम्हांला एका आजींनी दिला. मंडळाच्या दिवाळी फराळाच्या दिवशी त्यांनी आम्हांला बाजूला घेतले. त्यांची नात बारावीत आहे आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देण्याचा तिने निश्चय केला आहे. आजी हळूच म्हणाल्या, “तिथं पोरांचे फार हाल करतात म्हणे. खरं का हो?” आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत आहोत तोच त्यांचा दुसरा प्रश्न आला : “आणि तिथून परत येईल ती आपली राहील का?”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे आज द्यावयाची आहेत. पण एक तिसरा प्रश्नही आहे. तो आजींनी विचारला नाही. तो कोणीच विचारीत नाही. आमच्याही आईवडिलांनी विचारला नव्हता. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

प्रथम या शिक्षणाची थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीचे उद्घाटन १० डिसेंबर १९३२ रोजी सरसेनापती चेटवुड यांच्या हस्ते झाले. देश प्रथम, हाताखालचे जवान त्यानंतर आणि स्वतःचे सुख सर्वांत शेवटी, असा जो क्रम त्यांनी त्या दिवशी घालून दिला, तो आजही तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असतो. पहिल्या तुकडीत चाळीस विद्यार्थी होते. त्यांतले माणेकशा पुढे भारताचे, मुसा पाकिस्तानचे आणि स्मिथ डन ब्रह्मदेशाचे सेनापती झाले. एका पंक्तीला जेवलेले तिघे तीन देशांचे झाले, ही गोष्ट फाळणीच्या खुणा अंगावर वागविणाऱ्या या पंजाबात बसून ऐकताना निराळीच वाटते.

स्वातंत्र्यानंतर तिन्ही दलांच्या मुलांनी एकत्र शिकावे असे ठरले. १९४९ च्या जानेवारीत डेहराडूनला हे संयुक्त शिक्षण सुरू झाले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी खडकवासल्याला कोनशिला बसविली, आणि १९५५ साली प्रबोधिनी तिथे नांदू लागली. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी भारतीय जवान लढले. त्याची कृतज्ञता म्हणून सुदानने दिलेल्या देणगीतून मुख्य इमारतीला हातभार लागला, म्हणून तिचे नाव ‘सुदान ब्लॉक’.

या प्रबोधिनीसाठी मुले तयार व्हावीत म्हणून १९६१ साली सैनिकी शाळा निघाल्या. पहिला मान २३ जूनला साताऱ्याला मिळाला. पाठोपाठ जुलैमध्ये आपल्या या भागातल्या कपूरथळ्याला आणि कर्नालजवळच्या कुंजपुऱ्याला शाळा सुरू झाल्या. कुंजपुरा हे नाव ऐकले की मराठी माणसाचे कान टवकारतात. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊसाहेबांच्या फौजेने घेतलेला हाच तो कुंजपुरा. पुढे तीन महिन्यांच्या आत पानिपत झाले. बरोबर दोनशे वर्षांनी त्याच कुंजपुऱ्यात आणि शाहू महाराजांच्या साताऱ्यात एकाच योजनेच्या दोन शाळा उघडल्या, आणि तिथली मुले पुढे खडकवासल्याला एकाच स्क्वाड्रनमध्ये शेजारी शेजारी राहू लागली. इतिहासाच्या तासाला पानिपत निघाले की कुंजपुऱ्याचा मुलगा आमच्याकडे पाही आणि आम्ही त्याच्याकडे. तास संपला की दोघेही एकाच पंक्तीला जेवायला बसत.

आता आजींचा पहिला प्रश्न. हाल होतात का?

होतात, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. सहा सत्रांची, म्हणजे तीन वर्षांची ती मुदत. दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. कवायत किंवा व्यायाम, त्यानंतर न्याहारी, मग वर्ग. पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची असल्यामुळे अभ्यास इतर महाविद्यालयांसारखाच करावा लागतो. फरक इतकाच, की पहाटेपासून पळालेल्या शरीराला वर्गातल्या पंख्याखाली जी झोप येते तिच्यापुढे कोणतेही शास्त्र टिकत नाही. दुपारनंतर खेळ, पोहणे, घोडेस्वारी. रात्री पुन्हा अभ्यास. एका इमारतीतून दुसरीकडे जायचे ते सायकलवर, तेही रांग धरून.

या साऱ्याच्या जोडीला ‘रगडा’ असतो. शब्द आपल्या ओळखीचा आहे. फक्त तिथे तो वाटाण्याचा नसतो, विद्यार्थ्याचा असतो. कोलांट्या, दंड, आणि ‘पट्टी परेड’, म्हणजे पाच-पाच मिनिटांत एक गणवेश उतरवून दुसरा चढवायचा आणि पुन्हा रांगेत येऊन उभे राहायचे. मोठी चूक झाली तर पाठीवर ओझे घेऊन सिंहगड. ज्या गडावर लहानपणी शाळेच्या सहलीत आम्ही पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाल्ले, तानाजीची गोष्ट ऐकून डोळे पुसले, तोच गड शिक्षा म्हणून चढताना मनात जे विचार येत ते ऐतिहासिक नसत! पाचव्या-सहाव्या सत्रातल्या मोठ्या शिबिराचे नावही तोरणा. शिवरायांनी पहिल्याप्रथम घेतलेला हा गड आमच्या आठवणीत मात्र पायांचे फोड आणि न मिळालेली झोप यांच्याच रूपाने राहिला आहे.

पण हालांचे दोन प्रकार आहेत, आणि आईबापांनी ते वेगळे ओळखले पाहिजेत. एका प्रकारात अंगाला घाम येतो, दुसऱ्यात मनाला डाग पडतो. पहिल्याने शरीर घडते. थकल्यावरही विचार करता आला पाहिजे, भीती वाटत असतानाही आवाज स्थिर राहिला पाहिजे, आणि पुढे तीस माणसांचा जीव हाती असताना डोके ठिकाणावर राहिले पाहिजे. हे पुस्तकातून येत नाही. दुसरा प्रकार केवळ ज्येष्ठाच्या लहरीचा असतो. नियम त्याला मना करतात, तरी जिथे मुले मुलांवर अधिकार गाजवितात तिथे तो डोकावतोच. आम्हीही निर्दोष होतो असे म्हणवत नाही. स्वतः सोसलेले पुढच्यांवर उलटविण्याचा मोह आम्हांलाही झाला, आणि एकदोन प्रसंगी आम्ही त्याला बळी पडलो. ती मुले आता साठीच्या घरात आहेत, भेटली की हसून ‘सर’ म्हणतात. त्या हसण्याने आमचे ओझे हलके होत नाही.

म्हणून आजींना आमचे सांगणे असे : नातीच्या पायाला फोड आले तर काळजी करू नका. तिने फोनवर बोलणेच सोडले तर मात्र करा.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. मूल आपले राहते का?

साताऱ्याच्या शाळेत गेलो तेव्हा आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. कोणी कराडकडचे, कोणी मराठवाड्यातले, कोणी कोकणातले. शिकण्याचे माध्यम इंग्रजी. पहिले काही महिने आमच्यातले निम्मे मुके होते. रविवारी घरी पत्र लिहावे लागे. त्यात लिहायचे एकच वाक्य असे : “मी इथे मजेत आहे.” ते वाक्य वाचून आमच्या आया रडत, हे आम्हांला फार उशिरा कळले.

खडकवासल्याला गेलो तेव्हा तर आमची फारच गंमत झाली. महाराष्ट्रातच असूनही आम्ही तिथे इतरांइतकेच परके होतो. धरणाचे पाणी ओळखीचे, सिंहगड ओळखीचा, वारा आणि पाऊस ओळखीचे. पण हुकूम हिंदीत, वर्ग इंग्रजीत आणि भोजनगृहात काटे-चमचे. मराठी राहिली ती दोनच ठिकाणी. रात्री दिवे गेल्यावरच्या कुजबुजीत, आणि हिशेबात. कोलांट्या मोजताना तोंडाने इंग्रजी आकडे ओरडत असू, मनात मात्र मराठीच चाले. आजही पाढा म्हणायचा झाला तर ‘बे एके बे’ हेच ओठांवर येते. शाळेच्या पहिल्या तीन-चार वर्षांत जी भाषा बसली ती निघत नाही. तेव्हा आजी, हे काम खडकवासल्याचे नव्हे, तुमचे आहे, आणि ते तुम्ही केव्हाच केलेले आहे.

आणखी एक गोष्ट तिथे घडते. सत्राच्या मध्ये दोन-तीन दिवसांची सुटी असे. पंजाबच्या मुलाला तेवढ्यात घरी जाऊन येणे शक्य नसे. जालंधरकडचा आमचा एक सरदार सहाध्यायी अशा सुट्यांना आमच्याबरोबर साताऱ्याला येई. आईने त्याला पुरणपोळी वाढली. त्याने ती लोणच्याशी खाल्ली आणि आईने काही न बोलता लोणच्याची बरणी त्याच्याजवळ सरकविली. त्याने आमच्याकडून मराठी शिव्या आधी शिकल्या, ‘आई’ हा शब्द मागाहून. पुढे बऱ्याच वर्षांनी आमची बदली चंडीमंदिरला झाली. सामानाचे खोके उघडले नव्हते तोवर त्याची आई जालंधरहून बसने आली. हातात साजूक तुपाचा डबा आणि पिन्नीचे लाडू. म्हणाली, “तुम्हारी माँ ने मेरे लड़के को तीन साल सँभाला है।” या शहरात आमचे पहिले नातेवाईक कोण, असे कोणी विचारले तर आम्ही त्या माउलीचे नाव घेऊ.

आपल्यापैकी कोणी पीजीआयमुळे इथे आले, कोणी प्रयोगशाळांमुळे, कोणी बँकेच्या बदलीमुळे. आपण सारे इथे जे शिकलो, म्हणजे परक्या भाषेत हसणे, परक्या चुलीवरचे गोड मानून घेणे आणि घरी आल्यावर आपली भाषा बोलणे, तेच ती मुले तिथे सतराव्या-अठराव्या वर्षी शिकतात. चंदीगडच्या मराठी घरात वाढलेली ही नात त्या शिक्षणाचा पहिला वर्ग अगोदरच उत्तीर्ण झालेली आहे.

मुलींसाठी हे दार उघडले तेही सांगितले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशाने मुलींना ही परीक्षा देता आली. पहिली तुकडी २०२२ साली दाखल झाली, आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुली दीक्षान्त संचलनात मुलांच्या बरोबरीने चालल्या. तयारीसाठी दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या शेजारी मोहालीत पंजाब सरकारच्या दोन संस्था आहेत, मुलांसाठी महाराजा रणजितसिंहांच्या नावाची आणि मुलींसाठी माई भागोंच्या नावाची. महाराष्ट्रात तेव्हाच्या औरंगाबादेत मुलांसाठी अशी संस्था १९७७ पासून आहे.

आता तिसरा प्रश्न. मूल मध्येच परत आले तर?

इथून पुढचे सांगताना आम्ही कोणत्याही संस्थेचे नाव घेणार नाही. दोष संस्थेचा नाही, आमचा आहे.

प्रशिक्षणाच्या त्या वर्षांत आमचा एक सहाध्यायी होता, कृष्णाकाठच्या एका खेड्यातला. धावण्यात आमच्या पुढे, गणितात तर फारच पुढे. एका सकाळी अडथळे पार करताना तो उंचावरून पडला. पाठीच्या कण्याला इजा झाली. अनेक महिने रुग्णालयात गेले. आरंभी आम्ही दर रविवारी पाळीपाळीने जात होतो. पुढे परीक्षा आल्या, शिबिर आले, पाळ्या चुकू लागल्या. एक दिवस कळले की वैद्यकीय मंडळाने त्याला अपात्र ठरविले आहे. त्याचे वडील एस.टी.ने आले आणि त्याची काळी पत्र्याची पेटी घेऊन गेले. पेटीवर पांढऱ्या रंगात त्याचे नाव आणि क्रमांक होता. आम्ही त्या वेळी कवायतीच्या मैदानावर होतो. निरोप द्यायलाही कोणी गेले नाही.

पत्र लिहू असे प्रत्येकाने ठरविले होते. पहिल्या वर्षी काहींनी लिहिलेही. नंतर आमच्या खांद्यांवर तारे लागले, बदल्या सुरू झाल्या, लग्ने झाली, आणि तो आमच्या बोलण्यातून गेला.

वीसहून अधिक वर्षांनी एका स्नेहसंमेलनासाठी साताऱ्याकडे जाताना आमच्यापैकी दोघांनी वाट वाकडी केली. तो काठीच्या आधाराने दाराशी आला. आम्ही नावे सांगण्याआधीच त्याने आम्हांला क्रमांकांनी हाक मारली. सोप्यात तीच काळी पेटी होती आणि तिच्यावर मुलांच्या वह्यांचा गठ्ठा. तो गावातल्या मुलांना सैनिकी शाळेच्या प्रवेशपरीक्षेचे गणित शिकवीत होता, फी न घेता. त्याच्या आईने चहा दिला आणि सहज बोलावे तसे म्हणाली, “पहिली दोन वर्षं हा दुपारी पोस्टमनची वाट बघत बसायचा. मग मीच म्हटलं, बाबा, आता आत येत जा.”

त्याने आमच्याकडे तक्रार केली नाही, पैशाचे नाव काढले नाही. निघताना एवढेच विचारले, “कोर्सच्या यादीत माझं नाव आहे का रे?”

नव्हते. ती यादी आम्हीच केली होती, आणि ती करताना अधिकारी झालेल्यांचीच नावे घेतली होती.

मंडळी, लष्करी परंपरा गेलेल्यांची नावे जपते आणि चांगली जपते. आपल्या डोंगराकडच्या सनावर शाळेतून शिकलेला अरुण खेत्रपाल खडकवासल्याला घडला आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी वयाच्या एकविसाव्या वर्षी बसंतरच्या रणात पडला. आज प्रबोधिनीचे संचलन-मैदान त्याच्या नावाने ओळखले जाते. कारगिलचा विक्रम बत्रा आपल्या चंदीगडच्या डी.ए.व्ही. महाविद्यालयात शिकलेला. सेक्टर तीनच्या युद्धस्मारकापाशी दगडात कोरलेल्या नावांच्या ओळी आपण मुलांना दाखवितो. तिथे उभे राहिले की छाती भरून येते आणि यायलाच हवी. पण जो रणापर्यंत पोचूच शकला नाही, शिकतानाच मोडला, त्याचे नाव कोणत्याही दगडावर नसते. अधिकारपद मिळण्याआधीच परत आल्यामुळे अशा मुलांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नसे आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या सवलतीही मिळत नसत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न आपणहून हाती घेतला आणि त्याच महिन्यात माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेत त्यांना सामावून घेण्याचा निर्णय सरकारने केला. न्यायालय आणि सरकार यांचे काम ते करोत. यादीतले नाव मात्र सहाध्याय्यांनीच लिहावे लागते. त्या वर्षीच्या संमेलनात आम्ही ते लिहिले. पुढच्या वर्षी तो आला आणि आमच्यात बसून जेवला. इतके साधे काम आम्ही वीस वर्षे केले नव्हते.

‘आम्ही’ हा शब्द आम्हांला त्या शिक्षणाने दिला. पण तो शब्द कोणाला आत घेतो आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवतो, हे मात्र त्या खेड्यातल्या सोप्यात आम्ही शिकलो.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळापुढे आमच्या दोन सूचना आहेत. आपली जी मुले-मुली सैनिकी शिक्षणासाठी जातील त्यांची एक वही मंडळाने ठेवावी, आणि दर महिन्याला कोणीतरी त्यांना हाताने लिहिलेले पत्र पाठवावे. दूरध्वनी आहेतच, पण पत्र उशीखाली ठेवता येते. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. त्यांतले कोणी मध्येच परत आले, दुखापतीने, नापास होऊन, किंवा ‘हे माझे काम नव्हे’ असे उमजून, तर त्या वहीतले नाव खोडू नये. येत्या गणेशोत्सवात पहिले बोलावणे त्या मुलाला जावे, आणि नुसते बोलावणे नव्हे, हाती एखादे काम द्यावे. आणि “का रे परत आलास?” हा प्रश्न कोणीही विचारू नये.

आजी इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आजी, हाल होतील, पण ती ते सोसेल. ती आपलीच राहील, याविषयी आम्हांला शंका नाही. आणि काही कारणाने ती परत आली, तर तिचे नाव यादीत असेल. ते आम्ही चौघे पाहू.



जय हिंद!